चिंता एक नव्हे

हैदराबादेत एखाद्यास ‘एर्रगड्ड्याला पाठवा’ असे म्हटले, तर तो पत्ता नसतो, टोमणा असतो. तेथील मनोरुग्णालय निजामी राजवटीत जालन्यास होते आणि १९५३ साली येथे आले, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या टोमण्याच्या धाकाने जे दवाखान्याची पायरी चढत नाहीत, त्यांतील कित्येकांना वेड लागलेले नसते. त्यांना चिंताविकार असतो.

परीक्षेच्या आदल्या रात्री वाटणारी चिंता हा विकार नव्हे. कारण सरले तरी जी सरत नाही आणि नित्याचे व्यवहार अडवते, तिला विकार म्हणावयाचे. मात्र तिची रूपे निरनिराळी आहेत. कोणी सहा-सहा महिने घर, पैसा, प्रकृती अशा प्रत्येक गोष्टीची काळजी वाहत राहतो. त्यास झोप नाही, मानेचे स्नायू सदैव ताठलेले. कोणास चारचौघांत उभे राहून बोलणे मरणप्राय वाटते, आणि आपण त्यास ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतो. कोणास उंचीचे वा बंद जागेचे भय असते.

अकस्मात येणारा भयाचा झटका याहून वेगळा. काही मिनिटांतच छाती धडधडते, श्वास कोंडतो, ‘आता संपले’ असे वाटते. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड क्लाइन यांना आढळले, की इमिप्रामिन या औषधाने असे झटके थांबतात. पण पुढच्या झटक्याची धास्ती मात्र तशीच उरते. तेव्हा या दोन गोष्टी एक नव्हेत! १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणात या झटक्यांना स्वतंत्र स्थान मिळाले.

हा भेद केवळ पंडिती नाही. चारमिनारच्या गर्दीत एकदा झटका आलेला मनुष्य प्रथम चारमिनार टाळतो, मग बस टाळतो, शेवटी घराचा उंबरठाही. टाळल्याने तात्पुरता दिलासा मिळतो, म्हणूनच भय पोसले जाते. अशास ‘काळजी करू नकोस’ हा उपदेश व्यर्थ होय. हृदय व थायरॉइड यांची तपासणी आधी करावी. त्यानंतर तज्ज्ञाच्या मदतीने टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परतावयाचे, आणि गरजेप्रमाणे औषध घ्यावयाचे. दीर्घकाळच्या काळजीत उपचाराचा भर विचारांच्या सवयीवर अधिक असतो.

ज्यांना दवाखान्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, ती अहोरात्र चालते व मराठीतही बोलता येते.