४२ अंशांपुढचा दाणा

एप्रिलची सकाळ, साडेसहा. जालन्याबाहेरच्या बियाण्याच्या एका प्लॉटवर कामाला सुरुवातही झालेली आहे. उन्हाळी बाजरी नुकती निसवतेय. डोक्यावरचा पदर घट्ट ओढून एक मावशी ओळीत शिरतात, पोटरीतून बाहेर आलेलं कोवळं कणीस दोन बोटांत धरतात, त्यावर बटर पेपरची लांबट पिशवी चढवतात, तोंड दुमडून टाचतात. की पुढचं कणीस.

इथवर यायला निमित्त झालं एका परक्या झुडपाचं. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत टाइडस्ट्रोमिया भर उन्हाळ्यात वाढतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या सुंग यॉन री आणि सहकाऱ्यांनी ते प्रयोगशाळेत तसल्याच उष्णतेत ठेवलं, तर १० दिवसांत त्याचं वजन तिप्पट झालं. २०२५ च्या अखेरीस हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या झुडपाचं प्रकाशसंश्लेषण ४५ अंशांना सर्वांत जोमात चालतं. उष्णता वाढली की दिवसभरात त्याचे हजारो जीन आपलं काम बदलतात. काही जीन विस्कटू पाहणारी प्रथिनं सावरतात, काही हवेतला कार्बन पकडणारी यंत्रणा बंद पडू देत नाहीत. गव्हा-सोयाबीनला असं बळ देता येईल का, हा प्रश्न जालन्यात विचारायलाच हवा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली ती याच गावात, आणि तेव्हापासून हे गाव बियाण्यावर जगतंय.

सुपरवायझरनं प्रश्न ऐकून घेतला आणि समोरच्या ओळींकडे हात केला. “वाळवंटाचीच लेक आहे की ही. ४२ पर्यंत दम काढती. ४२ च्या पुढं दाणा भरंल का, ते बघायलाच हा प्लॉट हाय.”

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावर माणसानं सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी बाजरी माणसाळवली. इक्रिसॅटसह अनेक संस्थांनी मिळून २०१७ मध्ये तिचा जीनोम वाचला. त्यात ३८ हजारांवर जीन सापडले आणि मेण तयार करणाऱ्या जीनांची संख्या लक्षात येण्याइतकी जास्त निघाली. पानावरचा मेणाचा थर ओल आत धरून ठेवतो.

पण पान तगलं म्हणजे पीक तगलं असं नाही. मावशींनी एक पिशवी अलगद उचलून दाखवली. आत कणसावर पिसासारखे बारीक, पांढुरके स्त्रीकेसर बाहेर आले होते. बाजरीत हे आधी येतात, पराग दोन-चार दिवसांनी. मधल्या काळात ऊन तापलं की केसर सुकतात. बहुतेक पिकांत उष्णतेपुढे पराग आधी हार मानतो; बाजरीत मात्र स्त्रीकेसरच जास्त नाजूक असल्याचं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. “हे वाळलं की कणीस पोचट,” मावशी म्हणाल्या आणि पिशवी पुन्हा टाचली.

म्हणजे स्त्रीकेसराला उन्हात तगवणारे जीन शोधायचे आणि संकर करत ते नव्या वाणात उतरवायचे. दुसऱ्या प्रजातीतला जीन आणायचा तर वाट लांबची, सरकारी परवानगीची. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं. बाजरीतून बाजरीत जीन न्यायला परागाची चिमूट आणि या मावशींचे हात पुरतात. टाइडस्ट्रोमियाचा अभ्यास मोलाचा आहेच. पण ज्या जिल्ह्यात कपाशी आणि सोयाबीननं बाजरीला बांधाकडे सारलं, तिथे उन्हाशी झुंजणारे जीन आधी घरच्या कणसात शोधावेत.

अकराच्या सुमारास काम थांबलं. झाडाच्या सावलीत मावशींनी भाकरी सोडली. ती ज्वारीची होती. फोनवर तापमान ४१ दाखवत होतं. “अजून एक,” सुपरवायझर म्हणाला, “मग ४२.”

पिशव्या उतरतील, मळणी होईल, दाणे मोजले जातील. तोवर उन्हाळी बाजरी पेरणाऱ्या शेतकऱ्यानं बियाण्याच्या दुकानात एवढं जरूर विचारावं: फुलोऱ्यात ४२ अंशांचं ऊन लागलं, तर या वाणाचं कणीस किती भरतं?