मुक्तिबोधांच्या वाट्याला आलेले सख्य

साहित्यिकांच्या प्रेमाची चर्चा बहुधा स्त्री-पुरुषांच्या आकर्षणापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. भक्तिशास्त्राने मात्र प्रेमाचे शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि मधुर असे पाच भाव मानले असून, त्यांत मधुर म्हणजे प्रियकर-प्रेयसीचा भाव, वात्सल्य म्हणजे अपत्याविषयीची माया आणि सख्य म्हणजे बरोबरीच्या नात्यातील मैत्री होय. ही विभागणी मुळात ईश्वरप्रेमाची असली, तरी लेखकांच्या आयुष्याला ती लावून पाहिली की सख्याचे पारडे जड भरते, हे इंदूरशी जोडलेल्या मुक्तिबोधांच्या उदाहरणावरून दिसते.

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) मराठी घरात वाढून हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत 'नवी मळवाट' हा कवितासंग्रह आणि 'क्षिप्रा' ही कादंबरी लिहिली. (भावंडांच्या प्रेमाला त्या पाच भावांत स्वतंत्र जागा नाही, ही त्या यादीची उणीवच म्हणावी लागेल.) आईने आपल्याला प्रेमचंदांचे भक्त केले, असे गजानन यांनी एका लेखाच्या शीर्षकातच नोंदवले आहे, वात्सल्यातून वाङ्मयीन अभिरुची घडते ती अशी.

इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून १९३८ मध्ये पदवी घेतल्यावर, दुसऱ्याच वर्षी घरच्यांचा विरोध असताना त्यांनी शांताबाईंशी प्रेमविवाह केला. पुढे नोकऱ्या बदलत राहिल्या आणि ओढगस्त सरली नाही, म्हणजे मधुर भावाला संसाराची कसोटी लागली. मराठीत या भावाचा लेखी ठेवा म्हणून कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या पत्रांचा 'कुसुमानिल' (१९७२) हा संग्रह प्रथम आठवतो. तेथे दोघेही लिहिणारे असल्यामुळे मधुर आणि सख्य यांची सीमारेषा पुसट होते. मुक्तिबोधांच्या बाबतीत लेखनाचे सख्य घराबाहेर मिळाले.

ते नेमिचंद्र जैन यांच्याकडून. शुजालपूरच्या शाळेत दोघांचा सहवास घडला, मुक्तिबोध मार्क्सवादाकडे वळले त्यात या मित्राचा वाटा मोठा होता, आणि १९४३ च्या 'तार सप्तक' या सात कवींच्या संकलनात दोघेही आले. त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि त्यात कवितेच्या चर्चेला लागूनच पैशांची चणचण आणि नोकरीची विवंचना येते. ज्याच्यापुढे अपुरी कविता ठेवता येते त्याच्यापुढे रिकामा खिसाही लपवावा लागत नाही.

मुक्तिबोधांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. विखुरलेले उरलेले लेखन गोळा करून लावण्याचे काम पुढे नेमिचंद्रांनी अंगावर घेतले आणि १९८० मध्ये 'मुक्तिबोध रचनावली'चे सहा खंड संपादून प्रसिद्ध केले. ते स्वतः कवी आणि नाट्यसमीक्षक होते, त्यामुळे मित्राच्या कागदांवर घालवलेला तो काळ त्यांनी आपल्याच लेखनातून काढून दिला होता.