मातीतला प्रत्येक किडा हुमणी नव्हे



पावसाळा तोंडावर आला, की बांधावरच्या कडुनिंबातून, बाभळीतून भर दुपारी किर्रर्र असा आवाज सुरू होतो. आपण म्हणतो, रातकिडा ओरडतोय. पण रातकिडा रात्री ओरडतो, तोही पंखावर पंख घासून. दिवसा झाडावर ओरडणारा हा किडा वेगळा. त्याला सिकाडा म्हणतात. नराच्या पोटाशी दोन्ही अंगांना ताणलेले पडदे असतात. ते भराभर आत-बाहेर झाले, की हा आवाज निघतो.

मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून अंडी घालते. पिल्लं खाली पडून मातीत शिरतात आणि मुळांतला रस शोषत वाढतात. अमेरिकेतल्या काही जाती 13 किंवा 17 वर्षं मातीत काढतात. वाढ पुरी झाली, की पिल्लू खोडावर चढून कात टाकतं. खोडाला चिकटलेली, पाठीवर उकललेली तपकिरी टरफलं आपण पाहिली असतील, ती हीच. पंखवाला किडा मात्र थोडेच आठवडे जगतो.

म्हणजे याला हवीत झाडं आणि न हलवलेली माती. बालाघाटच्या डोंगरातली झाडी, ओढ्याचा काठ, जुना बांध हे त्याचं घर. दरवर्षी नांगरटीच्या रानात तो टिकायचा कसा?

परवा एका शेतकऱ्यानं बांध खणताना सापडलेले किडे डब्यात घालून आणले. "साहेब, हुमणी लागली, औषध सांगा." पाहिलं, तर सिकाडाची पिल्लं! औषधाचा खर्च वायाच गेला असता.

ओळख अशी ठेवा. हुमणी पांढरट, तपकिरी डोक्याची, विळ्यासारखी वाकलेली असते. ती पिकाची मुळं कुरतडते. सिकाडाचं पिल्लू मातकट, कुबड आलेलं असतं. पुढचे दोन पाय माती उकरायला जाडजूड, आणि तोंडाला रस शोषणारी सोंड.

हुमणीचा बंदोबस्त मात्र वेळेवर करा. पहिला चांगला पाऊस पडला, की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला त्याच कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला जमतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. हे काम साऱ्या गावानं मिळून केलं तरच गुण येतो.

तेव्हा आधी किडा ओळखा, मग खिशात हात घाला. आणि दुपारी ओरडणाऱ्याला खुशाल ओरडू द्या.