गाडीने हवा धरली

मराठी शिकवणाऱ्याने ट्रकच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कोलशेत रस्त्यावर, आमच्या फाटकासमोरच, एक ट्रक बंद पडला आणि रात्री दीडपर्यंत विजेरी धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले.

जवळच्या बांधकामावर फरशा उतरवून गाडी रिकामी परत निघाली होती. ड्रायव्हर पन्नाशीचा, जत तालुक्यातला. क्लीनर म्हणून सोबत भाचा. घर सुमारे चारशे किलोमीटरांवर. थोरल्या लेकीचे लग्न वैशाखात झालेले, तेव्हा जावयाचा हा पहिला दिवाळसण. मालकाने फोनवर सांगून टाकले होते, "सकाळी मेकॅनिक बघ, खर्च तुझ्या हिशेबात धरू."

"जावई दारात आन् सासरा ठाण्यात! काय तोंड दाखवू, सर?" एवढे बोलून गृहस्थ कामाला लागला.

स्टार्टर जोमाने फिरत होता, म्हणजे बॅटरीला दोष नव्हता. त्याने मला सायलेन्सरमागे उभे केले आणि धूर येतो का बघायला सांगितले. पांढरा धूर आला असता, तर डिझेल पोचते पण जळत नाही, असा अर्थ झाला असता. इथे धुराचा मागमूसही नव्हता. म्हणजे डिझेलच पोचत नव्हते. काट्यावर न विसंबता त्याने टाकीत काठी बुडवून पाहिली. चौथा हिस्सा डिझेल होते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तो हातपंप दाबू लागला. डिझेलऐवजी बुडबुडे आणि फेस आला.

"हवा धरली गाडीनं," तो म्हणाला.

आता थोडे शास्त्र. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान पाचशे अंशांच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. जुन्या घडणीच्या इंजिनात हा फवारा उडवायला नोझलपाशी दोनशे वातावरणांच्या आसपास दाब लागतो. द्रव सहसा दबत नाही, हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. नळीत बुडबुडा शिरला की पंपाचा सारा जोर त्यालाच दाबण्यात जातो, आणि नोझल उघडतच नाही.

फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत त्याने हवा काढली. इंजिन सुरू झाले. मी टाळी वाजवणार, तोच पाच मिनिटांत ते पुन्हा बंद! दुसऱ्यांदाही तेच.

"पण कुठे गळत तर नाही," मी आपले शहाणपण दाखवले.

"गळंल कसं, सर? टाकीपासून पंपापर्यंत ओढ असती. डिझेल भाईर येत न्हाई, हवा आत जाती. टाकी भरलेली व्हती तवर हे कळलं न्हाई."

वर्गात असे उत्तर मिळाले असते तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग त्याने मागितली गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी. बांधकामावरच्या रखवालदाराला उठवून मी ती आणली. टाकीकडची नळी सोडून, त्याने डब्यातले डिझेल या नळीने थेट फीड पंपाला दिले. पाच, दहा, पंधरा मिनिटे झाली. नळीत एक बुडबुडा नाही, इंजिन चालूच. याचा अर्थ पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. चोर टाकी आणि पंप यांच्या मधल्या दोन-अडीच मीटरांत. पण एवढ्याशा डब्यावर जत गाठता येणार नव्हते. भाचा गाडीखाली शिरला. रबरी नळी चासीला जिथे क्लिपने बांधली होती, तिथे हादऱ्यांनी घासून केसाएवढी चीर पडली होती.

"घरात साबण असंल का, सर? कोरडा, न वापरलेला."

न वापरलेला एकच होता, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी ठेवलेला. सौभाग्यवतींनी जावयाची हकीकत ऐकली आणि मुकाट्याने वेष्टण फाडून तो हाती दिला. साबण डिझेलमध्ये सहजी विरघळत नाही. त्याने तो चिरेत दाबून भरला, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि नळी पूर्ववत जोडून पुन्हा हवा काढली. पहिल्याच फटक्याला इंजिन लागले, आणि या खेपेस अर्धा तास थांबले नाही. जवळच्या पंपावर टाकी भरायची, उजाडताच कळंबोलीला नवी नळी टाकून मग घाट चढायचा, असा बेत ठरला.

ही विद्या त्याला वडिलांकडून मिळालेली. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, त्या पिढीतल्या गाड्या वडिलांनी चालवल्या होत्या. भारत स्टेज ६ हे मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्या गाड्यांत पान्याआधी स्कॅनर लागतो. फवाऱ्याचा दाब हजार वातावरणांच्या पुढे असल्याने चालू इंजिनाची नळी सैल करणे जिवावरचे. डिझेलची धार कातडीतून आत शिरते. "त्यात आपन हात घालत न्हाई," असे तो स्वतःच म्हणाला.

निघताना त्याने साबणाची उरलेली वडी चिंधीने पुसून परत केली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला: मामा पोचले, जावई उद्या येणार. अभ्यंगस्नानाला मी तीच वडी घेतली. उटणे चांगले चोळूनही डिझेलचा वास दुपारपर्यंत गेला नाही.