जुन्या गोव्याच्या सहलीत काय बघाल?

सहल म्हटलं की आपल्या मस्तगडातल्या बाया तुळजापूर, शेगाव, पंढरपूर एवढीच नावं घेतात. त्यामुळे आमच्या गटातल्या एकीनं 'गोवा' म्हटलं तेव्हा आधी हशा पिकला. एकीच्या सासूबाईंनी तर सरळ विचारलं, "आपलं देवदर्शन सोडून दुसऱ्यांची देवळं कशाला बघायची?" प्रश्न रास्त होता. आम्ही जाऊन आलो, आणि आज तुम्हा सगळ्यांसमोर त्याचं उत्तर देतो.

स्पेनमधल्या जुन्या शहरांत कॅथेड्रल, म्युझियम आणि बागा बघायला जगभरातून माणसं जातात. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं, त्या भागातल्या चर्चप्रमुखाचं, मुख्य चर्च. तसलंच एक शहर आपल्याजवळ आहे, ते म्हणजे जुनं गोवं. आधी ते आदिलशाहीचं होतं. १५१० साली पोर्तुगीजांनी घेतलं आणि तिथून राज्य केलं. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे तेव्हा गोव्यावरही स्पेनच्याच राजाची सत्ता होती. पुढे रोगराईनं शहर ओस पडत गेलं आणि १८४३ साली राजधानी पणजीला हलली. माणसं गेली, पण मोठमोठी चर्चं माडांत तशीच उभी राहिली. १९८६ साली ती जागतिक वारसा यादीत आली.

जायचं तर मुंबईला गाडी बदलून कोकण रेल्वेनं करमळी स्टेशनावर उतरा. तिथून जुनं गोवं अगदी जवळ आहे. पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं, म्हणून तो वार टाळा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभं राहायचं, आपल्या देवळात आरती चालू असताना राहतो तसं. आणि गाडीवाल्याशी वेळ आधीच ठरवून घ्या. आमच्यानं दोन तासांचं ठरवलं आणि तासाभरातच हॉर्न वाजवायला लागला! निम्मं गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघावं लागलं.

से कॅथेड्रल केवढं मोठं आहे! बांधकाम १५६२ साली सुरू झालं, आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला पुढच्या शतकाचा मध्य उजाडला. समोरून बघाल तर एकच मनोरा दिसतो. दुसरा १७७६ साली कोसळला, तो परत बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात मोठी घंटा आहे, तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. रस्त्यापलीकडे बॉम जेझूस चर्च आहे. जांभ्या दगडाचं, बाहेरून गिलावा नसलेलं. तिथं संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह चांदीच्या पेटीत ठेवला आहे. ते मूळचे स्पेनकडच्या नवार प्रांतातले. ती पेटी मात्र गोव्यातल्याच सोनारांनी घडवली. बरोबरच्या बायांना आम्ही हे आवर्जून सांगितलं, कारण मोठ्या वास्तूत नाव नेहमी राजाचं असतं आणि हात कारागिरांचे.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो ते सांता मोनिकाच्या मठात. हा बायांचा, म्हणजे जोगिणींचा मठ. १६०६ साली स्थापन झाला. तीन मजली, भिंतींना दगडी टेकू. आत आलेल्या बाईचं सारं आयुष्य याच भिंतींआड जायचं. कुणी श्रद्धेनं आली असेल, कुणाला घरच्यांनी पाठवलं असेल. पोर्तुगीज सरकारनं १८३४ नंतर पुरुषांचे मठ बंद केले, पण इथं आधीच राहणाऱ्या बायांना मरेपर्यंत राहू दिलं. नव्या कुणाला घ्यायचं नाही, एवढीच अट. शेवटची जोगीण १८८५ साली वारली. शेवटी शेवटी त्या एवढ्या थोरल्या वाड्यात एकट्या बाईनं दिवस कसे काढले असतील, यावर आमचं बराच वेळ बोलणं चाललं. आज मठाच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे. हस्तिदंत, लाकूड, चांदी यांच्या मूर्ती बघा. बऱ्याचशा इथल्याच कारागिरांनी घडवलेल्या आहेत.

पुरातत्त्व खात्याच्या म्युझियममध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं रांगेत लावली आहेत. ती झरझर बघितली तरी चालेल. थांबा ते वीरगळ आणि सतीशिळांपाशी. बांगड्या भरलेला हात कोरलेली अशी शिळा आपल्याकडेही गावोगाव वेशीवर दिसते, आणि आपण तिला शेंदूर लावून पुढे जातो.

थकल्यावर पणजीच्या गार्सिया दी ओर्ता बागेत बसायला बरं वाटतं. हा एक वैद्य. त्याचे आईवडील स्पेनमधून परागंदा झालेले ज्यू. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात अंतोनिया नावाची घरकाम करणारी बाई वनस्पती आणून दाखवते. तो वारल्यावर धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली, त्याच्या बहिणीला तर आधीच जिवंत जाळलं होतं. आज त्याच्या नावाच्या बागेत पोरं घसरगुंडी खेळतात.

सासूबाईंना आम्ही एवढंच सांगितलं, की दुसऱ्यांची देवळं बघून आल्यावर आपली गढी डोळ्यांत भरायला लागली. मस्तगडाची गढी १७२५ सालची. ती तारीख सांगणारा फारसी लेख आणि दालनं असलेली मोठी विहीर असल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. इतकी वर्षं आपण तिथून भाजीची पिशवी घेऊन गेलो. पुढच्या बैठकीच्या दिवशी तो लेख आणि ती विहीर आता कुठं, कशा आहेत हे शोधायला निघायचं ठरलंय. सासूबाईही येणार आहेत.