तेव्हा 'हुबेहूब असंच' नव्हतं

मिश्र वास्तवाच्या तंत्राने मोबाइलच्या पडद्यावर किंवा खास चष्म्यातून भग्न वास्तूच्या जागी तिचं जुनं रूप उभं राहिलं, की हमखास ऐकू येतं, "बघा, तेव्हा हे हुबेहूब असंच होतं!" संगणकाने केलंय म्हणजे ते अचूकच असणार, हा या उद्गारामागचा समज. तो कितीही वेळा खोडला तरी परत उगवतो, कारण चित्र जितकं देखणं तितका तो घट्ट होतो. वस्तुस्थिती अशी की, संगणक जे उभं आहे त्याचं मोजमाप अचूक करतो. जे उरलेलंच नाही ते माणसाला तर्काने भरावं लागतं. कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पॅरिसच्या नोत्र दामचं लेझर स्कॅनिंग केलं तेव्हा ते कॅथेड्रल शाबूत होतं. म्हणूनच २०१९च्या आगीनंतर ती मोजमापं भक्कम पुरावा ठरली.

रायगडाचं तसं नाही. मे १८१८मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने आग लागली आणि गडावरचे लाकडी वाडे जळाले. आज हाती आहेत ती जोती, भिंतींचे अवशेष आणि नगारखान्यासारख्या मोजक्या दगडी वास्तू. जोत्यावरून दालनाची लांबी-रुंदी खात्रीने सांगता येते. छताचा उतार, खांबांवरचं कोरीवकाम, भिंतींचा रंग मात्र नोंदी तपासून आणि इतर वाड्यांशी तुलना करूनच ठरवावा लागतो. शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने त्या सोहळ्याचं वर्णन लिहून ठेवलंय, पण त्याची नोंद म्हणजे वास्तूचा आराखडा नव्हे. शिवाय रायगड दाखवायचा तो कोणत्या सालचा? १६८९मध्ये गड मोगलांकडे गेला, १७३३मध्ये मराठ्यांकडे परत आला. त्यामुळे आज दिसणारा प्रत्येक दगड राज्याभिषेकाच्या वेळचाच, असं पुराव्याशिवाय धरून चालत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, "मग असं काही करूच नये." हे चूक आहे. पुराव्यावर बेतलेला तर्क हे इतिहासाचं रोजचंच काम आहे, आणि तो जागेवर उभा करून पाहिला की त्यातल्या चुका लवकर सापडतात. दुसरा, "सामान्य पर्यटकाला एवढा तपशील नको असतो." हा पर्यटकाला कमी लेखण्याचा प्रकार आहे. पुराव्याचा भाग ठळक आणि तर्काचा भाग पारदर्शक दाखवला, तर शाळकरी मुलालाही फरक कळतो. खरं जोतं त्याच्या समोरच असतं, ही तर मिश्र वास्तवाची खरी ताकद. पुरावा कोणता आणि अंदाज कोणता हे प्रेक्षकाला समजलं पाहिजे, असं वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीची २००६ची लंडन सनदही सांगते.

उरलेले समज थोडक्यात. हे आभासी वास्तवच आहे? नाही; आभासी वास्तव भोवतालचं जग झाकतं, मिश्र वास्तव त्यातच भर घालतं. महागडा चष्मा लागतोच? नाही, बऱ्याच ठिकाणी साधा स्मार्टफोन पुरतो. डिजिटल प्रत कायम टिकते? बीबीसीच्या १९८६च्या डोम्सडे प्रकल्पाच्या डिस्क पंधराएक वर्षांतच वाचणं कठीण झालं. ज्या ग्रंथावरून प्रकल्पाला नाव मिळालं, त्या 'डोम्सडे बुक'चं १०८६चं मूळ चर्मपत्र मात्र आजही वाचता येतं. प्रतिकृती झाली म्हणजे जतनाची गरज संपली? अजिबात नाही, जोतं ढासळलं तर पुढचा तर्क तपासायला आधारच उरणार नाही.

म्हणून अशी पुनर्रचना करणाऱ्या प्रत्येकाने तिच्यासोबत आधारांची यादी दिली पाहिजे, आणि पाहणाऱ्याने ती हक्काने मागितली पाहिजे. नाहीतर आजचा अंदाज उद्या पाठ्यपुस्तकात इतिहास म्हणून छापला जाईल, आणि तो खोडायला खऱ्या पुराव्यालाही जड जाईल.