आपत्तीनंतरचे पहिले छप्पर

भूकंप, महापूर किंवा दरड कोसळल्याची बातमी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तंबूंचा आकडा येतो. इतके तंबू रवाना झाले, इतक्या ताडपत्र्या पोहोचल्या, अमुक मैदानावर छावणी उभी राहिली. मदत देणाऱ्याला मोजता येईल असे काही हवे असते आणि तंबू मोजता येतो. पण घर गमावलेली माणसे पहिल्या काही रात्री प्रत्यक्षात कुठे काढतात, हे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. इयन डेव्हिस या ब्रिटिश वास्तुतज्ज्ञाने जगभरच्या आपत्तींचा या अंगाने अभ्यास करून 1978 मध्ये पुस्तक लिहिले आणि 1982 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याच धर्तीवर मार्गदर्शिका काढली. आपत्तीग्रस्तांचा पसंतीक्रम त्या मार्गदर्शिकेत मांडला आहे. पडलेल्या घराच्या जमेल तितके जवळ राहावे, ही पहिली इच्छा. ते जमले नाही तर नातेवाइकांकडे जावे, किंवा ढिगाऱ्याशेजारीच हाती लागेल त्या सामानाचा आडोसा करावा. त्यानंतर शाळा-देवळांसारख्या इमारती येतात. छावणीतला तंबू यादीच्या तळाशी आणि दूरगावी स्थलांतर अगदी शेवटी. म्हणजे आपली मदत ज्या टोकापासून सुरू होते, नेमके ते लोकांच्या पसंतीत शेवटचे टोक आहे. निवारा ही तयार करून पोहोचवायची वस्तू आहे, हा समज या उफराट्या क्रमाच्या मुळाशी आहे असे मला वाटते. आपत्तीनंतरच्या पहिल्याच दिवशी माणसे स्वतःचे छप्पर उभारू लागलेली असतात. त्यांच्या या कामाला सामान, रोख पैसा, जागेची खात्री आणि जाणकार गवंड्याचा हात मिळणे, ही निवाऱ्याची खरी मदत आहे.

महाराष्ट्राला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. तीव्रता सुमारे 6.2 होती. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप, तरी सुमारे आठ हजार माणसे गेली, कारण ती घरात होती आणि घरे माळवदाची होती. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी खणांचे छत आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण आत ती दोन वेगवेगळ्या थरांची होती. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते आणि मधली पोकळी बारीक दगड-मातीने भरलेली होती. हादऱ्यासरशी दोन्ही थर फुगून सुटले आणि दगड झोपलेल्यांवर आले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिला, हे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवले आहे. मारले ते भिंतीने. ही नोंद तेव्हाच गावोगाव समजावून सांगितली गेली असती, तर उभे राहिलेले लाकूड वापरून, भिंतींच्या जागी हलके आडोसे करून, कितीतरी कुटुंबांना आपल्याच जागेवर सुरक्षित तात्पुरते घर करता आले असते. त्याऐवजी दगडाविषयी एवढी दहशत बसली की ढिगाऱ्यातली सगळी सामग्री लोकांच्या लेखी निकामी ठरली. वास्तविक तो ढिगारा हीच त्या कुटुंबांची उरलेली पुंजी होती.

त्यानंतर पत्र्याची शेड आली. आभाळ गळत असताना ती आली आणि तिने माणसे वाचवली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पक्के घर हाती येईपर्यंत कित्येक कुटुंबांची दोन-तीन वर्षे तिच्यात गेली आणि तेवढ्या मुक्कामासाठी ती कधीच आखलेली नव्हती. माळवदाच्या मातीने मराठवाड्याचा उन्हाळा बाहेर अडवून धरलेला असे. पातळ पत्रा दुपारी तापून आतल्या माणसांवर उष्णता फेकतो आणि रात्री तितक्याच वेगाने थंड होतो. त्यावरचे उपाय साधे आहेत: छप्पर थोडे उंच घ्यावे, गरम हवा निघून जायला वर झडप ठेवावी, पत्र्याखाली चटईचे किंवा तट्ट्याचे दुसरे छत टांगावे, वर कडबा किंवा गवत अंथरून दोरीने आवळावे, दाराशी सावलीची पडवी काढावी. यातले काहीही गावकऱ्यांना नवे नव्हते. पण शेड जेव्हा सरकारची किंवा संस्थेची असते, ओळीत मांडलेली असते आणि उद्या हलायचे आहे असे सांगितलेले असते, तेव्हा तिच्यावर कोणी श्रम घालत नाही.

पुढचे पुनर्वसनही त्याच चालीने झाले. जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या कार्यक्रमात पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवली. जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे ठरली, रुंद सरळ रस्ते आखले गेले आणि गावांचा विस्तार मूळ गावठाणाच्या कितीतरी पट झाला. घरे मजबूत झाली, पण शेत लांब गेले, भावकी विखुरली, गोठ्याला आणि कडब्याला जागा उरली नाही, गल्लीत बसून बायकांनी करायची कामे कुठे करायची हा प्रश्न आराखड्यात कोणी विचारलाच नव्हता. लोकांनी पुढे स्वतःच्या हाताने पडव्या, गोठे, कुंपणे जोडून ती घरे राहण्याजोगी करून घेतली. याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाची चर्चा मात्र कमी होते. दोन हजारांहून अधिक गावांत, सुमारे दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे पैसा घरमालकाच्या हाती दिला गेला, काम त्याने करून घ्यायचे आणि तांत्रिक सल्ला सरकारने पुरवायचा. गावातल्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. सिमेंट कसे मागवायचे, जोड-दगड कुठे घालायचे, हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघर सांगत. एकाच आपत्तीत, एकाच सरकारने, एकाच निधीतून दोन पद्धती वापरल्याचे असे उदाहरण क्वचितच मिळते. त्यातून निघणारा निष्कर्ष माझ्या दृष्टीने स्पष्ट आहे. ज्या घराचे निर्णय कुटुंबाने घेतले ते त्याचे झाले, आणि जे तयार मिळाले ते पुन्हा घडवावे लागले.

गुजरातने हा धडा सातेक वर्षांनी वापरला. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर तिथेही गावे हलवण्याचा विचार सुरुवातीला पुढे आला होता, पण कच्छमधल्या स्वयंसेवी संस्थांच्या ‘अभियान’ या संघटनेने गावोगाव विचारणा केली तेव्हा बहुतेकांनी जागा सोडायला नकार दिला. सरकारने धोरण बदलले. मदत बँक खात्यात, हप्त्याहप्त्याने मिळू लागली आणि पहिल्यानंतरचे हप्ते चौथऱ्याच्या पातळीपासून तपासणी झाल्यावरच मिळत. गावांच्या समूहासाठी ‘सेतू’ नावाची माहिती केंद्रे उघडली, म्हणजे कागद अडला तर जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला नकोत. घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्यावर भर दिला गेला. सुमारे दोन लाख घरे अशी नव्याने उभी राहिली. कंत्राटदाराने बांधलेल्या वसाहतींपेक्षा स्वतः बांधलेल्या घरांत लोक अधिक समाधानी असल्याचे नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत दिसून आले.

यावर पहिला आक्षेप वेळेचा घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. पाऊस किंवा बर्फ दारात असताना लोकांना सामान देऊन बांधायला सांगणे क्रूर नाही का? 2005 च्या ऑक्टोबरमधल्या काश्मीरच्या भूकंपाने याची कसोटी घेतली. सीमेपलीकडे मुझफ्फराबाद, बालाकोट भागात सत्तर हजारांहून अधिक बळी गेले, लाखो कुटुंबे उघड्यावर आली आणि डोंगरातला हिवाळा काही आठवड्यांवर होता. पोहोचलेल्या तंबूंपैकी बहुतेक थंडीत टिकणारे नव्हते. तेव्हा घरटी एक उबदार खोली, असे उद्दिष्ट ठेवून पत्रे, खिळे, हत्यारे आणि अंथरूण-पांघरूण वाटण्यात आले, आणि लोकांनी पडझडीतले लाकूड वापरून खोल्या उभ्या केल्या. खेचराच्या पाठीवरून डोंगरात पत्रा जातो, तयार घर जात नाही. घाई असते तेव्हा हजारो कुटुंबांनी एकाच वेळी काम सुरू करणे हाच सर्वांत वेगवान मार्ग ठरतो. कंत्राटाच्या निविदा त्यानंतर कितीतरी उशिरा निघतात.

दुसरा आक्षेप दर्जाचा आहे. जी घरे पडली ती लोकांनीच बांधली होती, मग पुन्हा त्यांच्याच हाती काम कसे द्यायचे? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण किल्लारीत मृत्यू बांधणीच्या पद्धतीमुळेच झाले होते. पण त्याचे उत्तर बांधणारा बदलण्यात नाही, बांधणारा शिकवण्यात आहे. नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपात सुमारे पाच लाख घरे पूर्ण कोसळली. एवढी घरे बांधून देणारी कोणतीही यंत्रणा त्या देशात नव्हती. सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी आधी 15 हजार नेपाळी रुपये आणि हिवाळ्यासाठी 10 हजार दिले. पुढे घरासाठीची मदत तीन लाखांपर्यंत वाढवून तीन हप्त्यांत दिली आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याची तपासणी ठेवली. पाया, आडवे पट्टे, कोपऱ्यातल्या उभ्या सळ्या हे नियमाप्रमाणे नसेल तर पुढचा पैसा थांबे. ही तपासणी तात्पुरत्या आडोशालाही हवी. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून खांब किती खोल पुरायचा, चुलीपासून ताडपत्री किती दूर ठेवायची, पडक्या भिंतीला टेकून शेड का बांधायची नाही, हे चार चित्रांत सांगता येते. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छप्पर असावे, हा आंतरराष्ट्रीय मदतीचा सर्वमान्य निकषही गावातल्या कोणालाही पावलांनी मोजता येईल इतका सोपा आहे.

सर्वांत कठीण प्रश्न उरतो तो ज्यांच्याकडे स्वतःची जागाच नव्हती त्यांचा. भाडेकरू, गायरानावर राहणारी कुटुंबे, नवऱ्याच्या नावाचा उतारा नसलेल्या विधवा, वृद्ध, अपंग. पैसा घरमालकाला द्यायचा ठरवला की पंचनाम्यात ही माणसे गळतात, कारण पंचनामा कागद विचारतो. इथे माझी मांडणी अपुरी पडते आणि सरकारला थेट बांधून द्यावेच लागते. पण तेव्हाही माणसे सोबतीपासून तोडू नयेत, याचा पुरावा जपानने फार मोठी किंमत देऊन दिला आहे. 1995 च्या कोबे भूकंपानंतर 48 हजारांहून अधिक तात्पुरती घरे वेगाने बांधली गेली. ती वृद्धांना आणि अपंगांना अग्रक्रम देऊन, सोडत काढून वाटली. हेतू न्याय्य होता. परिणाम असा झाला की थकलेली, एकटी माणसे शहराबाहेरच्या अनोळखी शेजारात एकत्र आली आणि पुढच्या काही वर्षांत त्या घरांत दोनशेहून अधिक जणांचे कोणाच्या नकळत एकाकी मृत्यू झाले. निइगाता भागात 2004 मध्ये भूकंप झाला तेव्हा यामाकोशी गावातल्या लोकांची वस्त्यांनुसार पुन्हा जुळणी करून शेजारी-शेजारी घरे दिली गेली. त्या घरांचा बांधकाम-दर्जा कोबेपेक्षा फार वेगळा नव्हता, फक्त दार उघडल्यावर ओळखीचा चेहरा समोर होता.

सह्याद्रीतल्या दरडींबाबत जागेवरच राहू द्या, असे म्हणता येत नाही, कारण जागाच धोक्याची असते किंवा उरलेलीच नसते. 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळीये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. तळीये आणि इर्शाळवाडीच्या लोकांना वर्ष उलटले तरी लोखंडी कंटेनरमध्ये राहावे लागले. किल्लारीच्या पत्र्याचेच हे नवे रूप. कंटेनर तापतो, वाढवता येत नाही, त्याला पडवी काढता येत नाही, कोंबड्या-बकऱ्यांना तिथे थारा नाही. पण तिथला विलंब छपराचा नव्हता, जमिनीचा होता. नवी जागा शोधणे, ती वनखात्याची की खासगी हे ठरवणे, मोजणी, भूगर्भ-तपासणी, संपादन, हे सगळे माणसे मेल्यानंतर सुरू झाले. ज्या वाड्यांना दरडीचा धोका आहे त्यांच्या याद्या जिल्हा प्रशासनाकडे असतात आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यांची उजळणी होते. त्याच यादीत प्रत्येक वाडीपुढे आणखी एक रकाना हवा: ग्रामसभेने पाहून मान्य केलेली, शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावरची, सातबारा मोकळा असलेली पर्यायी जागा. ती आधी ठरलेली असेल, तर आपत्तीनंतर त्याच जागेवर पहिल्या आठवड्यात बांबू, पत्रा आणि पैसा पोहोचवता येईल. कुटुंबांना आपापल्या भावकीच्या क्रमाने ओटे आखून देता येतील. पहिल्या महिन्यात घातलेला चौथरा पक्क्या घरालाही कामी येईल. तालुक्याच्या गोदामात ताडपत्री आणि दोर ठेवायला फार खर्च नाही, प्रत्येक धोक्याच्या गावातल्या दोन गवंड्यांना आणि दोन महिलांना आठवडाभर प्रशिक्षण द्यायलाही नाही. जागेचा निर्णय मात्र कोरड्या दिवसांतच होऊ शकतो, आणि तो कोणी घ्यायचा हे आजही कोणत्याही एका खात्यावर सोपवलेले दिसत नाही.